एस्तेरआक्कांचा गुरुवार

आक्का, जायला तुम्ही वारही गुरुवारच निवडलात. आणि वेळ संध्याकाळची साडेसहाची. इकडे आम्ही दवाखान्यात तुम्हाला घरी आणायच्या कागदांवर सह्या करत होतो आणि तिकडे वाशीत आपल्या दारासमोर आठ-नऊ माणसं बगलेत बायबल धरून जिन्यात उभी होती. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. दाराला कुलूप दिसलं तरी कुणी परत गेलं नाही. आत जागा नसेल तर जिन्यात बसून सुरू करायचं, ही सवय तुम्हीच त्यांना लावलेली. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा वरून गाण्याचा आवाज येत होता. तुमच्या कपड्यांची पिशवी हातात धरून मी खाली उभी राहिले. मला रडू यायला हवं होतं. पण मला इतका राग आला म्हणून सांगू! वाटलं, एक दिवस, निदान आजचा एक दिवस तरी मला माझ्या घरात सरळ शिरू द्या.

आज तुम्हाला जाऊन आठ दिवस झाले. पाळकसाहेबांनी मंडळीच्या पत्रकासाठी चार ओळी मागितल्या. जन्म कुठला, शिक्षण किती, सेवा किती वर्षं. त्या प्रभाकरनं लिहून दिल्या. धाकट्या भावानं लिहाव्यात तशा नीट लिहिल्यात. मी वाचल्या. त्यात तुम्ही मला कुठे सापडला नाहीत. ‘प्रेमळ स्वभावाच्या’ असं एक वाक्य आहे त्यात. ते वाचून मी पोळ्या लाटायला गेले आणि दोन पोळ्या करपवल्या.

प्रेमळ! आक्का, तुमच्याइतका माझा छळ माझ्या सासूनंसुद्धा केला नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आलात. नगरकडच्या मिशन दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी. आमचं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि खाडीकडे उघडणारी एक खिडकी. ती उघडली की खाडीचा वास यायचा, बंद केली की कारखान्यांचा. मी मनाशी म्हटलं, म्हातारं माणूस आहे, कोपऱ्यात बसेल, भाजी निवडेल. आठव्या दिवशी तुम्ही बसस्टॉपवर भेटलेल्या दोन बायकांना घेऊन वर आलात आणि म्हणालात, “सुमन, ह्यांना दर गुरुवारी बोलावलंय. वचन वाचू थोडं. तुझी हरकत नाही ना?”

त्या दारात उभ्या. त्यांच्यासमोर मी काय सांगणार? म्हटलं, “नाही हो आक्का, हरकत कसली.”

पुढची दहा वर्षं मला ते वाक्य गिळता आलं नाही.

तेव्हा वाशीत चर्चची इमारत नव्हती. रविवारची उपासना शाळेच्या एका खोलीत, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे आवळून व्हायची. नगरचे, जालन्याचे, सोलापूरचे, नोकरीपायी इथे येऊन पडलेले आपले लोक एकमेकांना शोधत असायचे. हे मला कळतं. त्यांना जागा हवी होती. पण ती माझीच का? आणि विषय एकच! पौलाच्या पत्रातला प्रीतीचा अध्याय. तेरा ओव्या. मी पाळकांकडे मोठी झालेली मुलगी, तो अध्याय मला शाळेत असल्यापासून पाठ. दोन गुरुवारांत संपेल म्हणून मी निवांत होते. प्रीती सहनशील असते, एवढ्या एका गोष्टीवर तुम्ही पहिला पावसाळा काढलात.

“आक्का, पुढे चला ना,” मी म्हणायचे. “दुसरीही पुस्तकं आहेत.”

“हे झालं की,” तुम्ही म्हणायचात.

“कधी होणार?”

“तुझ्यासारखी घाई केली तर कधीच नाही.”

जखमेवरची जुनी पट्टी भिजवून भिजवून सोडवावी तसे तुम्ही शब्द सोडवायचात. प्रत्येकाला विचारायचात, ह्या आठवड्यात तू कुणाचं सहन केलंस? मग माणसं सांगत बसायची. बसच्या रांगेतलं भांडण, वरच्या मजल्यावरून टपकणारं पाणी, दिराची बोलणी. मी दाराशी चपलांच्या ढिगाकडे बघत मनात म्हणायचे, मी तुमचं सगळ्यांचं सहन केलं. पण मला कुणी विचारायचं नाही. मला फक्त वाचायला सांगायचे. “सुमनचा आवाज स्वच्छ आहे,” म्हणून दर वेळी ओवी मी वाचायची. ते मला आवडायचं, हेही आज सांगून टाकते. तुम्हाला माहीत होतं ते.

बोनकोड्याची हिराबाय तुम्हीच आणलीत. मासळी विकून परत जाताना पाय दुखतात म्हणून ती आपल्या जिन्यात टेकायची. तुम्ही तिला आत बसवलंत. ती ना ख्रिस्ती, ना तिला वाचता येत. रिकामी पाटी दाराबाहेर ठेवून भिंतीला पाठ लावून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, “ह्या तर आमची आय पन सांगं.” मासळीच्या वासानं माझं डोकं उठायचं. तुम्ही तिला म्हणायचात, “मग सांग ना, आई काय सांगायची?” झालं. आणखी अर्धा तास.

हे सगळं मी विसरले असते, आक्का. माणूस गेल्यावर अशा गोष्टींचं हसू येतं. पण दानिएलचं मी विसरलेले नाही, आणि त्या भांडणाचा शेवट न करता तुम्ही निघून गेलात, त्यासाठी मी तुमच्यावर चिडलेली आहे.

पलीकडे मुंबईत गिरण्या बंद पडल्या होत्या त्याच वर्षी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या प्रभाकरच्या रंगाच्या कंपनीतही संप झाला. प्रभाकर युनियनमध्ये पुढे होता. आणि दानिएल, दर गुरुवारी आपल्याकडे खिडकीखाली बसणारा, तुमच्या हातचा चहा पिणारा दानिएल, त्याच कंपनीत सुपरवायझर. तो आत जात राहिला. त्याचंही मी एकवेळ समजू शकले असते. पण एका सकाळी गेटवर दगडफेक झाली, बसची काच फुटली आणि आतल्या एका कारकुनाच्या कपाळात काच घुसली. दानिएल त्याच बसमध्ये होता. त्यानं कंपनीला लिहून दिलं की दगड प्रभाकरनं मारला. प्रभाकर सस्पेंड झाला.

पुढच्या दोन गुरुवारी दानिएल आला नाही. मी देवाचे आभार मानले. तिसऱ्या गुरुवारी दुपारी तुम्ही छत्री घेऊन बाहेर पडलात, आणि साडेसहाला त्याच्याबरोबर जिना चढून आलात. तुम्ही पुढे, तो खाली मान घालून मागे.

प्रभाकरनं त्याच्याकडे पाहिलं, तो उठला आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. स्वतःच्या घराच्या बाहेर. मी तुम्हाला स्वयंपाकघरात ओढलं.

“आक्का, हा माणूस माझ्या घरात बसणार नाही.”

“बसलाय तो.”

“तुमच्या भावाची नोकरी खाल्ली त्यानं!”

“म्हणूनच आणलाय,” तुम्ही म्हणालात. “ज्यानं काहीच केलं नाही, त्याच्यावर प्रीती करायला मंडळी कशाला लागते?”

आणि बाहेर जाऊन, सगळ्यांसमोर, माझ्या हातात बायबल दिलंत. त्या दिवशी आपण कुठे येऊन ठेपलो होतो ते मला आधीच माहीत होतं. केलेलं वाईट प्रीती मनात धरून ठेवत नाही, ती जागा. मी उभी राहिले. बोट ओळीवर ठेवलं. मग पुस्तक मिटलं.

“मी हे वाचणार नाही.”

दानिएल उठायला लागला. तुम्ही नुसता हात केलात, बस म्हणून. आणि हिराबाय, भिंतीला टेकूनच, जिन्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, “अरं प्रभाकरदादा, तूच सांग ना. तू मारलास का नाय? उगाच बायका कशाला भांडतान?”

मला तिचा गळा धरावासा वाटला. असं कुणी विचारतं? मी तर दोन आठवडे विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. माझा नवरा मुंगी मारत नाही.

प्रभाकर उठून दारात आला. चौकटीला हात लावून उभा राहिला.

“मारला नाही,” तो म्हणाला. “उचलला होता. हातात होता. मग टाकून दिला.”

दानिएल पहिल्यांदा मान वर करून म्हणाला, “मी हातातला पाहिला. काच फुटल्यावर मला वाटलं तोच. फेकताना नाही पाहिलं मी.”

“मग लिहिलंस कसं फेकताना पाहिलं म्हणून?” मी ओरडले.

तो रडायला लागला. मोठा माणूस, मिश्यांचा, माझ्या घरात माझ्या सतरंजीवर बसून रडत होता आणि सगळ्या बायका त्याच्याकडे कळवळून बघत होत्या. माझ्याकडे कुणीच नाही.

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी जन्मभर विसरणार नाही. तुम्ही दोघांनाही म्हणालात, “इन्क्वायरीत हेच सांगा. जेवढं आत्ता बोललात तेवढंच. जास्त नाही, कमी नाही.”

आणि प्रार्थना करून माणसं घरी पाठवलीत.

आक्का, तुम्हाला युनियनचं काही कळत नव्हतं, पण मला कळत होतं. युनियनच्या वकिलानं सगळं बसवून ठेवलं होतं. प्रभाकर गेटपासून लांब उभा होता, हात रिकामे होते, असं चार माणसं सांगणार होती. एकट्या दानिएलचा शब्द एकीकडे, चौघांचा एकीकडे. प्रभाकर सुटला असता. फक्त गप्प बसायचं होतं. ‘दगड उचलला’ हे शब्द तोंडातून गेले की खेळ संपला.

मी तुम्हाला हात जोडले. आठवतं? तुम्ही मेथी निवडत होता. म्हटलं, “आक्का, त्याला सांगा गप्प बस म्हणून. तुमचं ऐकेल तो. माझं नाही ऐकणार.”

“गप्प बसला तर दानिएलला खोटं पाडायला चौघं खोटं बोलणार. तो निम्मं खरं बोलतोय.”

“तो आपला कोण लागतो?”

तुम्ही मेथीची काडी मोडलीत. “तेच तर आपण चार वर्षं वाचतोय, सुमन.”

“मग ज्यानं खरंच मारला त्याचं नाव सांगू दे. प्रभाकरला माहीत आहे कोण ते. तेही खरंच आहे ना?”

“त्याचं खरं त्यानं सांगावं. ह्याचं ह्यानं.”

असं कुठं असतं? असं कुठल्या शास्त्रात असतं? प्रीतीला सत्याचा आनंद होतो, हे त्या अध्यायात आहे. मला पाठ आहे. पण तीच प्रीती सगळं झाकून घेते, हेही त्याच अध्यायात आहे, आक्का, पुढच्याच ओवीत! तुम्ही त्या ओवीपर्यंत आम्हाला पोचू दिलं नाहीत.

मी अबोला धरला. माझी खात्री होती की तुम्ही दोन दिवसांत विरघळाल. तर तुम्हीही धरलात! त्यातच मला कावीळ झाली. तुम्ही मला उसाचा रस आणून द्यायचात, उशी बदलायचात, माझे केस कोमट पाण्यानं धुतलेत, विंचरलेत, वेणी घातलीत. एक शब्द नाही. मीही नाही. अंगणवाडीतल्या पोरींसारख्या दोन प्रौढ बायका. प्रभाकर आमच्या दोघींच्या मधे निरोप पोचवायचा, “आक्का विचारतेय भात खाणार का.” तुम्ही तिथंच, हातभर अंतरावर उभ्या. माझी वेणी घालताना तुमचे हात इतके हलके होते की मी तोंड भिंतीकडे करून रडले. ते तुम्हाला दिसलं असणार. तरी गप्प. मला वाटतं, त्या वेळी तुम्हाला तुमच्याच म्हणण्याची भीती वाटत होती.

इन्क्वायरी झाली. दानिएलनं सांगितलं, मी लिहिलं ते चूक, फेकताना पाहिलं नाही. प्रभाकरनं सांगितलं, उचलला होता. कंपनीला दोघंही नकोसे झाले. दानिएलला गोडाऊनमध्ये टाकलं, तो अजून तिथंच आहे. प्रभाकरला काढून टाकलं. युनियनवाले आपल्या दारावरून जाताना बघेनासे झाले. ज्यानं दगड मारला होता तो संप मिटल्यावर कामावर परत गेला, आक्का. अजून त्या रस्त्यानं सायकलवर जाताना मला दिसतो.

निकालाच्या संध्याकाळी प्रभाकर घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, “झालं एकदाचं.” त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. मला त्याचाही राग आला. मी म्हटलं, “तुमच्या बहिणीला सांगा आता घर चालवायला.” तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडलात आणि पंधरवड्यात सेक्टरमधल्या एका डॉक्टरकडे पट्ट्या बांधायला, इंजेक्शनं द्यायला लागलात. बासष्ट वर्षांच्या वयात. मी बालवाडीत लागले. प्रभाकर नव्या उठणाऱ्या बिल्डिंगांमध्ये वायरिंगची कामं करायला शिकला. आपण उपाशी राहिलो नाही. पण हे तुमच्या बाजूनं मोजू नका. आपण निभावलं, म्हणून तुमचं बरोबर होतं असं होत नाही. हे मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलं. भांडी घासताना सांगितलं, पापड वाळत घालताना सांगितलं, नाताळच्या करंज्या तळताना सांगितलं. तुम्ही दर वेळी एकच म्हणायचात, “असेल गं. मला दुसरं सुचलं नाही.”

दुसरं सुचलं नाही! ह्यावर माणसानं भांडायचं तरी कसं?

आणि दानिएल येतच राहिला. दर गुरुवारी, त्याच खिडकीखाली. प्रभाकर सहा महिन्यांनी जिन्यावरून आत आला. आधी दाराशी बसला, मग हळूहळू भिंतीशी. दोघं दोस्त झाले नाहीत. पत्रकात कुणी तसं लिहिलं तर खोटं आहे. ते एकमेकांशी पाण्याच्या टाकीबद्दल आणि फ्यूजबद्दल बोलतात, बाकी काही नाही. पण तुमची शवपेटी जिन्यावरून खाली नेताना वळणावर अडकली तेव्हा मागच्या बाजूला ते दोघं होते. प्रभाकर म्हणाला, “जरा उचल,” आणि दानिएलनं उचललं. इतकंच मी पाहिलं. जास्त नाही, कमी नाही.

मी मात्र त्याला माफ केलेलं नाही. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. मी त्याला बस म्हणते, सलाम करते, त्याच्या बायकोच्या बाळंतपणात डिंकाचे लाडूसुद्धा नेऊन दिले. तुम्ही म्हणालात, “मग ही प्रीती नाही तर काय?” मी म्हटलं, “ही तुमची भीती आहे.” तुम्ही इतक्या हसलात की कवळी हातात धरावी लागली.

आता शेवटचं.

दवाखान्यात, जायच्या आदल्या दिवशी, दुपारी प्रभाकर औषधं आणायला खाली गेला होता. तुम्ही डोळे मिटून पडल्या होता. मला वाटलं झोपलात. तर एकदम म्हणालात, “सुमन, तुला खरं विचारू?”

“विचारा.”

“त्या पहिल्या दिवशी, बायकांना दारात घेऊन आले ते... आणि पुढचं सगळं. मी तुझ्यावर जबरदस्ती केली का गं?”

आक्का, दहा वर्षं मी ह्या प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर तयार होतं. चार पानांचं उत्तर होतं माझ्याकडे. तुमचे हात चादरीवर पडले होते, सुया टोचून टोचून निळे झालेले. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांना टोचलेल्या त्या सुया. आणि तुम्ही घाबरलेल्या होता. मी तुम्हाला कधीच घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

“नाही हो आक्का,” मी म्हटलं. “जबरदस्ती कसली.”

तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत. बराच वेळ. मी खोटं बोलते तेव्हा नाक ओढते, हे तुम्हीच मला सांगितलं होतं, आणि मी तेव्हा ओढलं होतं. तुम्हाला कळलं. मला वाटलं आता म्हणाल, खरं सांग. जास्त नाही, कमी नाही. स्वतःच्या सख्ख्या भावाला तुम्ही सोडलं नाहीत, मला कशाला सोडाल?

तुम्ही म्हणालात, “बरं.” आणि माझं बोट धरून कुशीवर वळलात.

तेवढं खोटं तुम्ही माझ्याकडून घेतलंत. झाकून घेतलंत. तेव्हापासून मी विचार करतेय की त्या दुपारी आपल्यातलं कोण जिंकलं. मला वाटतं, मी जिंकले. त्या जिंकण्याचं काय करायचं ते मला कळत नाही. आता समोर मेथी निवडायला तुम्ही नाही आहात.

म्हणून हे लिहून ठेवते, म्हणजे तुमच्याही मनासारखं होईल. हो, आक्का. केलीत जबरदस्ती. दर आठवड्याला केलीत. दार माझं होतं, आणि तुम्ही मला न विचारता ते उघडलंत. आता तुम्ही नसताना ते बंद ठेवायला मला कुणाचीच ना नाही, आणि काल गुरुवार होता, आणि मी सहा वाजल्यापासून कडीवर हात ठेवून उभी होते, कारण साडेसहा वाजून गेले तरी अजून कुणीच कसं आलं नाही, ह्यानं माझा जीव वरखाली होत होता.